उभ्या माणसांना प्रवेश नाही

समितीची माणसं यायला अर्धा तास उरला होता आणि टिटवी मधल्या पट्ट्यावर ठाण मांडून बसली होती.

"ती काही उठायची नाही," पक्षीवाले म्हणाले. अभयारण्यातल्या पक्ष्यांची देखरेख त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांचं खरं नाव सगळे केव्हाच विसरले होते. तिकीटघरातली कागद टाकायची टोपली त्यांनी डोक्यावर पालथी घातली होती आणि तिच्या जाळीतून ते अत्यंत गंभीरपणे बोलत होते. "खाली अंडी आहेत."

"अहो, पण तो नमुना आहे!" उतारताई म्हणाली.

"तिला पसंत पडलाय."

उतारताई हे नाव तिला ठेकेदारांनी ठेवलं होतं. सार्वजनिक उद्यानांच्या कचेरीत वाटा आखायचं काम तिच्याकडे होतं. कुठेही पायरी दिसली की तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि पुढचं वाक्य "इथे उतार करू या" हेच असणार, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. अभयारण्याच्या फाटकापासून आतल्या तळ्यापर्यंत व्हीलचेअर जाईल अशी वाट व्हावी म्हणून ती कधीपासून समितीच्या मागे लागली होती. गाड्या लावायच्या जागेपासून फाटकापर्यंतचा उतार तेवढा मंजूर होऊन झालाही. पुढे घोडं अडलं ते अडलंच. शेवटी तिने फाटकासमोर तीन पट्टे घालून घेतले. डावीकडे लाकडी फळ्या, मध्ये बारीक खडी, उजवीकडे दाबून बसवलेली माती. समितीने चालून पाहावं आणि एक निवडावा. हौसेने तिने पाटीही लावली होती, 'कृपया यावरून चालून पाहा.' पाटी पहिल्यांदा टिटवीनेच मनावर घेतलेली दिसत होती. इतकी धुतलेली, एकसारखी खडी तिला आयुष्यात कुणी दिली नसावी.

"आपण डावीकडच्या फळ्यांवरून गेलो तर?" उतारताईने विचारलं.

"ती अंगावर येईल. त्याचं काही नाही, डोक्यावर घालायला टोपल्या आहेत. पण ती उठली की अंडी उन्हात उघडी पडतील, आणि या उन्हात खडी तव्यासारखी तापते. पिल्लं बाहेर येईपर्यंत फाटक बंद." आणि फाटक तेवढं एकच होतं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला काटेरी झाडी.

आजची बैठक या समितीची शेवटची. संध्याकाळी समिती बरखास्त व्हायची होती, आणि नवी नेमली जाईपर्यंत किती काळ जाईल ते कचेरीतल्या कुणालाही सांगता आलं नसतं.

आणि मागे उभ्या असलेल्या गाडीत आई बसली होती.

आई या शहरात राहायला आली तेव्हा तिचे पाय आधीच गेलेले होते. दर रविवारी बाबा तिची खुर्ची ढकलत फाटकापर्यंत आणायचे, तिला झाडाखाली बसवायचे, आत तळ्यापर्यंत जाऊन यायचे आणि काय पाहिलं ते तिला सांगायचे. थंडीत बाबा गेले. त्यानंतर आई इकडे आलीच नव्हती. तळं तर तिने कधीच पाहिलेलं नव्हतं. यातलं एक अक्षरही उतारताईने कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं. आज आईला सांभाळणारी बाई आली नाही, म्हणून नाइलाजाने तिला बरोबर आणावं लागलं होतं.

"गाडीत बसून राहा, आणि कुणाशी बोलू नकोस," तिने निघतानाच बजावलं होतं.

"का गं? चोरीचा माल आहे का मी?"

"स्वतःच्या आईसाठी वाट काढतेय म्हणतील."

"मग शेजारणीसाठी काढतेय म्हण. मी तिच्या मागून जाईन."

आईने सारी हयात मुलींच्या शाळेत खेळ शिकवले होते. गप्प बसणं हा खेळ तिला कधी जमला नाही. थोड्याच वेळात गाडीच्या खिडकीतून हाक आली, "अगं, मी आत शिजतेय!" उतारताईने तिला खुर्चीत घालून उताराच्या वरच्या टोकाला सावलीत बसवलं, ब्रेक लावला, लावल्याची खात्री केली, आणि तेवढ्यात समिती आली.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. पाहिलेलं तेवढंच खरं, ऐकीव गोष्टीला किंमत नाही, असा त्यांचा बाणा होता. वाटेचा विषय निघाला की ते शांतपणे म्हणत, "मी इथे नेहमी फिरायला येतो. या फाटकाच्या आत व्हीलचेअरवर बसलेला माणूस मी एकदाही पाहिलेला नाही." त्यांच्यामागे पाच-सहा सभासद होते, आणि ते अध्यक्षांच्याच डोळ्यांनी पाहत.

"अंडी? कुठे? मला तर काही दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि पुरावा पाहायला दोन पावलं पुढे गेले.

टिटवी उठली ती थेट त्यांच्या टोपीवर. एका फटक्यात टोपी ओढ्यात गेली. दुसऱ्या फेरीत तिने अध्यक्षांना गाडीच्या आडोशाला बसवलं आणि तिसरी सभासदांसाठी ठेवली. पक्षीवाले टोपली सावरत ओरडत होते, "मागे व्हा! सगळे मागे व्हा! तिला परत बसू द्या!" सगळे गाड्यांमागे लपले. टिटवी पायांवर डुलत परत आली, अंड्यांवर बसली आणि तिने चहूकडे एकदा नजर फिरवली.

त्या शांततेत चाकं करकरली.

उतारताईने वळून पाहिलं. आईची खुर्ची निघाली होती. उतार तिनेच आखलेला, इतका सौम्य की खुर्चीला पळताही येत नव्हतं. ती आपली राणीच्या रथासारखी संथपणे खाली चालली होती. आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि गाड्यांमागून डोकावणाऱ्या सभासदांना ती एकेक करून मान लववत होती.

"आई! ब्रेक!"

"कुठला गं?" आई म्हणाली आणि पुढे गेली.

"धावू नका!" पक्षीवाल्यांनी उतारताईचा हात धरला. "तुम्ही गेलात तर ती उठेल!"

खुर्ची उजवीकडच्या मातीच्या पट्ट्यावर चढली आणि टिटवीपासून हातभर अंतरावरून निघाली. टिटवीने मान वर केली. आईने तिच्याकडे पाहिलं. दोघींनी एकमेकींना जोखलं असावं. टिटवीने मान खाली घातली, खुर्ची अर्धवट उघड्या फाटकातून आत गेली, आणि वळणावरच्या एका झुडपाला अलगद टेकून थांबली.

"ती उठलीच नाही," पक्षीवाले पुटपुटले. "तिला उभा माणूस कळतो. बसलेला, चाकांवरून सरकणारा... तो तिच्या हिशेबातच नाही!"

"या कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "माझी आई," उतारताई म्हणाली.

"मग आणा ना त्यांना बाहेर."

"मला आत जाता येणार नाही, साहेब. मी उभी आहे."

आतून आईचा मैदानावरचा आवाज आला. "अगं, तिकीटघरात चाकांच्या खुर्च्या असतील की! बसा आणि या!"

तिकीटघरात खरंच दोन फिरत्या खुर्च्या होत्या, आणि पक्ष्यांच्या दाण्याची पोती वाहायची एक बुटकी गाडी. उतारताईने एक खुर्ची घेतली. पक्षीवाले गाडीवर मांडी घालून बसले. दुसरी खुर्ची आपल्यासाठी नाही असं समजून सभासद मागे सरकले, पण अध्यक्षांनी तीवर बैठक मारली. "प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय मी निर्णय देत नाही," ते म्हणाले. टोपी गेल्यामुळे त्यांचे केस उभे राहिले होते.

टाचांनी जमीन रेटत तिघे निघाले. फळ्यांच्या पट्ट्यावर अध्यक्षांच्या खुर्चीचं चाक फटीत अडकलं, आणि त्यांना जागच्या जागी तीन गिरक्या घ्याव्या लागल्या.

"पाठ ताठ!" आतून आईने हुकूम सोडला. "गुडघे जवळ! मागे नका बघू हो, पुढे बघा! शाबास!"

अध्यक्षांनी निमूटपणे पाठ ताठ केली. बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी शाबास म्हटलं नसावं. मागे येऊन मातीच्या पट्ट्यावर वळल्यावर खुर्ची मुकाट्याने घरंगळली. टिटवीने तिघांकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

फाटकाच्या आत, टिटवीची नजर पोचणार नाही अशा वळणावर तिघे उठले. उतारताईने आईच्या खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ती फाटकाकडे वळवू लागली.

"हे काय?" आई म्हणाली. "फाटकाच्या आत आले आणि तशीच परत जाऊ?"

"आई, पुढे वाट नाहीये. मुळं आहेत, वाळू आहे. कितीदा सांगितलं तुला."

"मला सांगितलंस. यांना दाखव ना."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "बाई, मी इथे नेहमी येतो. पण व्हीलचेअरवरचं कुणी मला आजवर..."

"दिसणार कसं? तुम्ही फाटकाच्या आत असता, आम्ही बाहेर. मी वर्षानुवर्षं त्या झाडाखाली बसायचे. तुम्ही माझ्या अंगावरून जायचात. करड्या टोपीत."

अध्यक्षांनी कोट काढून झुडपावर टाकला आणि खुर्चीची पुढची बाजू धरली.

तळ्यापर्यंतची वाट पायी चालणाऱ्याला एखाद्या गाण्याएवढी. त्या दिवशी तिला अख्खी मैफल लागली. पहिल्याच मुळाशी खुर्ची अडली.

"हे मूळ इथे कुणी ठेवलं?" अध्यक्ष कडाडले.

"झाडाने," पक्षीवाले म्हणाले.

पुढे वाळू लागली. त्यापुढे दोन पायऱ्या होत्या, ज्या अध्यक्ष इतकी वर्षं चढत होते आणि ज्या तिथे आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. "इथे उतार हवा!" ते धापा टाकत म्हणाले. त्यानंतर त्यांना थांबवणं कठीण झालं. इथेही उतार हवा, तिथेही हवा, हा दगड काढा, ती फांदी छाटा, बांबूचं बन हलवा.

"साहेब, थोडं जंगल राहू दे," उतारताई म्हणाली. हे वाक्य आपल्या तोंडून येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

शेवटचा चढ तिघांनी आईला खुर्चीसकट उचलूनच पार केला. आई वरून सूचना देत होती, आणि दर थोड्या वेळाने न विसरता कुणाला तरी शाबासकी. उतारताईला तिच्या मानेवर चमकणारा घाम दिसत होता आणि खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेली बोटंही. बाबा गेल्यापासून आई कशालाही इतकी घट्ट धरून बसलेली तिने पाहिली नव्हती.

मग झाडी संपली आणि तळं आलं.

तळं गढूळ होतं आणि फार मोठं नव्हतं. एका कडेला शेवाळ होतं. मध्ये दोन बदकं होती, त्यांतलं एक झोपलं होतं.

उतारताईला वाटलं, आपण आधी सांगायला हवं होतं. अध्यक्ष ओशाळून म्हणाले, "आज विशेष काही नाही, बाई. एरवी..." आणि अडले. एरवीही दोन बदकंच असत.

आई तळ्याकडे एकटक पाहत होती. मग तिने पक्षीवाल्यांना विचारलं, "इथे पाणमांजरं आहेत ना हो?"

"नाही, काकू."

"पण पूर्वी होती?"

"कधीच नव्हती."

"आणि ते गुलाबी पक्षी? थवाच्या थवा उतरायचा ना संध्याकाळी? सगळं तळं गुलाबी व्हायचं?"

पक्षीवाल्यांनी उतारताईकडे पाहिलं. उतारताई बदकांकडे बघत होती. "इथे नाही हो, काकू," ते हळूच म्हणाले. "इथे एवढंच असतं."

आईचे खांदे हलायला लागले. उतारताई घाईने खाली वाकली, तर आई हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "दोन बदकं!" ती म्हणाली. "अगं, दर रविवारी! मला वाटायचं, तुझे बाबा थोडासा मीठमसाला लावत असतील. यांनी तर आख्खा स्वयंपाकच घरून आणलेला! दर रविवारी नवा, आणि एकदाही त्यात गडबड केली नाही हो माणसाने." तिने पदराने डोळे पुसले. "काय माणूस होता!"

"हो," उतारताई म्हणाली. झोपलेलं बदक जागं झालं. आईने त्याला जागं होताना पूर्ण पाहिलं आणि मग म्हणाली, "चला."

परतताना वळणावर अध्यक्षांनी निर्णय सांगितला. मातीचा पट्टा, फाटकापासून तळ्यापर्यंत, आणि तो आजच्या आज कागदावर. मग सगळे पुन्हा बसले, पाठी ताठ केल्या आणि टिटवीसमोरून ओळीने बाहेर सरकले.

बाहेर गर्दी जमली होती. सभासदांनी पाटीची मागची बाजू पुढे करून तीवर 'उभ्या माणसांना प्रवेश नाही' असं लिहून टाकलं होतं, आणि फिरायला आलेले लोक ती वाचून एकमेकांकडे पाहत होते. सगळ्यांत पुढे एक आजोबा होते. चालताना धरायच्या चाकांच्या आधारावरच बैठक होती, तीवर ते बसले होते. आपला नंबर आता लागणार, या आशेने त्यांनी आईला गाठलं.

"आत जाऊन आलात? काय आहे हो आत? जाण्यासारखं आहे का?"

आईने पदर सारखा केला. "कासव आहे," ती म्हणाली. "खाटेएवढं. पाठीवर बगळे घेऊन फिरतं."

पक्षीवाल्यांनी टोपलीच्या आत तोंड उघडलं. उतारताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं.

आजोबांचा विश्वास बसत नव्हता. खातरजमा करावी म्हणून ते अध्यक्षांकडे वळले. "खरंच? खाटेएवढं? तुम्ही पाहिलंत?"

अध्यक्ष फिरत्या खुर्चीत ताठ बसले होते. गुडघ्यांना चिखल, डोक्यावर पाचोळा. त्यांनी प्रश्नाचा नीट विचार केला.

"खाटेएवढं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "मला जरा मोठंच वाटलं."