सात डबे पांढरा चहा

मंगळवारी सकाळी घड्याळजी थर्मामीटर शोधत होते. ताप नव्हता, चहा करायचा होता.

"ऐंशी अंशांच्या वर गेलं की कळ्या पोळतात म्हणे," ते पातेल्यात डोकावत म्हणाले. "तुला अंघोळ घालताना तुझ्या आईनं पाण्याची एवढी काळजी घेतली नव्हती."

"तुमच्या कोपराजवळ आहे, बाबा. रोज तिथेच असतो." लेक जेवणाचा डबा भरता भरता म्हणाली.

वर्षापूर्वी डॉक्टरांनी घड्याळजींच्या हृदयाचा आलेख पाहिला आणि त्यांचा दाट, दुधाळ, तीन चमचे साखरेचा, दिवसातून सहा वेळचा चहा बंद केला. लेक ग्रंथालयात नोकरीला; वाचून काढल्याशिवाय ती कुठल्याच गोष्टीला हात लावत नसे. चार दिवसांत तिने पांढऱ्या चहाचं सगळं कूळ शोधलं. मूळ चीनच्या फूजियान प्रांतातलं. कोवळ्या कळीवर पांढरी लव असते, म्हणून पांढरा. मळायचा नाही, भाजायचा नाही, नुसता सुकवायचा. निव्वळ कळ्यांचा तो सिल्व्हर नीडल, सोबत पानंही आली की व्हाइट पिओनी. तिने पहिल्याचा डबा आणला आणि घरातली चहापूड बरणीसकट शेजारच्या काकूंना देऊन टाकली.

"यानं होतं काय?" घड्याळजींनी विचारलं होतं.

"हृदयाला चांगला असू शकतो. पेशींची झीज कमी होऊ शकते."

"शकतो म्हणजे? गिऱ्हाइकाला घड्याळ परत देताना मी 'चालू शकतं' म्हटलं तर?"

शेवटी तह झाला. ती घेणार असेल तर तेही घेणार. तेव्हापासून रोज सकाळी दोन कप, पाच मिनिटं घड्याळ लावून. घड्याळजी पहिला घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "चहाच्या शेजारून गेलेलं पाणी." लेक म्हणायची, "किती नाजूक चव आहे." वर्षभर दोघांची वाक्यं बदलली नव्हती.

त्या मंगळवारी मात्र त्यांनी विचारलं, "खरं सांग, तुला आवडतो हा?"

"आवडतो. जिभेला सवय लागावी लागते."

"वर्ष झालं. एवढ्यात माणसं पोहायला शिकतात."

"बाबा, गुपचूप प्या. मला उशीर होतोय."

ते गुपचूप प्यायले. दुपारी दुकानात, कुणाचं तरी मनगटी घड्याळ हातात असताना, ते गेले. घड्याळ दुरुस्त झालेलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानाशेजारचा चष्मेवाला भेटायला आला, तो पत्र्याचा डबा घेऊन. सिल्व्हर नीडल.

"काकांचा जीव होता यावर," तो म्हणाला. "घरात खंड पडायला नको."

"जीव होता?"

"दुकानात दुसरा विषय नसायचा. 'माझ्या लेकीनं शोधलाय, चार दिवस वाचत बसली होती, ऐंशी अंशांवर करायचा.' आमच्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचे."

लेकीने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. घरी वर्षभर नाकं मुरडायची आणि बाहेर जाहिरात करायची, याला काय म्हणावं? आपण त्यांचं शेवटचं वर्ष बेचव करून टाकलं का, या एकाच प्रश्नाने तीन दिवस तिची झोप उडाली होती. आता त्यात हा डबा.

पाहुण्यांना द्यायला घरात दुसरा चहाच नव्हता. तिने पाणी तापवलं, थर्मामीटर बुडवला, पाच मिनिटं थांबली. चष्मेवाल्याने कपात बराच वेळ पाहिलं, मग श्रद्धेने डोळे मिटून एका दमात संपवला.

संध्याकाळी आत्या आली. तिच्याही पिशवीत डबा. "दादा फोनवर केवढं कौतुक करायचा गं याचं." तिने घोट घेतला आणि आवाज खाली आणला. "साखर विसरलीस का?"

"यात घालत नाहीत, आत्या."

"दूध?"

"नाही."

"मग घालतात काय?"

"काही नाही."

"तेच लागतंय."

पण कप तिने संपवला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगायला लागली, "दादाच्या आवडीचा चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." आता नाही म्हणणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. माणसं येत होती, डबे आणत होती आणि तोंड वाकडं न करता पीत होती. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी दुसरा कपही मागितला. त्यांना वाटलं, पहिल्यात पूड टाकायची राहिली असेल. रविवारपर्यंत फडताळात सात डबे झाले. थर्मामीटर लेकीच्या हातून सुटत नव्हता. घरात दुःख करायलाही फुरसत मिळू नये, याचा तिला संताप येत होता, आणि तो करायचा तरी कुणावर.

सगळे गेल्यावर शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या हातात चहापुडीची बरणी होती, तीच, निम्मी भरलेली.

"ठेव. माणसं येतायत, खरा चहा लागेल."

लेकीने बरणी घेतली. मग तिने विचारलंच, "काकू, खरं सांगा. बाबा चोरून तुमच्याकडे प्यायचे ना?"

"एकदाच आले होते, अगदी सुरुवातीला. मी कप पुढे केला, त्यांनी हातातसुद्धा घेतला. मग ठेवला खाली. म्हणाले, नको वहिनी. ती पोरगी माझ्यासाठी ते पाणी घशाखाली ढकलते. तिचं तोंड बघवत नाही. तिला एकटीला कसं पिऊ देऊ?"

सोमवारी सकाळी लेकीने आत्याला काकूंच्या पुडीचा चहा करून दिला. मग दुसरं पाणी ठेवलं. ऐंशी अंश, पाच मिनिटं, दोन कप. एक बाबांच्या जागेसमोर ठेवला, दुसऱ्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. वर्षभरात पहिल्यांदा, लपवाछपवी न करता.

"मलाही नाही आवडत हो, बाबा," ती रिकाम्या खुर्चीला मोठ्याने म्हणाली. "एक दिवससुद्धा आवडला नाही. पण अजून वीस वर्षं प्यायले असते."