खुर्चीवरचा खेळाडू

"कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचं सगळं ओझं माझ्यावर हाय!" कानिफनाथनं सीझनच्या सुरुवातीलाच घरी सांगून टाकलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. बाटल्या, टॉवेल, बॉलची पिशवी सगळं त्याच्याच खांद्यावर असायचं! सहा फूट तीन इंच उंची बघून प्रवीण सरांनी त्याला टीममध्ये घेतलं, आणि पहिल्याच सरावात त्याच्या हातून साबणाच्या वडीसारखा बॉल निसटताना बघून खुर्चीवर बसवलं. तीन मॅच झाल्या, कानिफ खुर्चीवरच. घरी मात्र त्याचे पॉइंट वाढत होते. मागच्या मॅचला बावीस!

सेमीफायनल श्रीरामपूरला होती. टीम कधी नव्हे ते इथवर आली होती, पण एकजण आजारी पडल्यानं उरले सहाच. कानिफनं खुर्चीत बूड टेकलं, समोर बघितलं आणि झटकन मान खाली घातली. तारेच्या कुंपणापाशी वडील! घोडेगावच्या बाजारात म्हशी उतरवून सहादू टेम्पो घेऊन थेट इकडेच आले होते. सोबत गावातली सात-आठ माणसं!

मॅच सुरू झाली. कानिफनं मान वर केलीच नाही. हाफटाइमला सहादू आलेच.

"कानिफा!"

"दादा, त्ये... मी..."

"आरं, आमी बघतोय की! बाकीची पोरं पळून पळून घामाघूम, आन् तू सरांच्या शेजारी खुर्चीवर! मुकादम हाय व्हय तू?"

"व्हय. तसंच म्हना."

सहादूंची छाती फुगली. कानिफच्या जिवात जीव आला. आता फक्त खुर्ची सोडायची नाही!

पण कॅप्टन रविराजचे चार फाउल झाले होते. पाचवा झाला की तो बाहेर, आणि कानिफ आत! सीझनभर तोंड न उघडलेला कानिफ ओरडायला लागला, "रव्या, जपून! हात लावू नको त्याला!"

"वा!" सर खूश झाले. "आज जीव तोडून मॅच बघतोयस!"

स्कोअर एक्केचाळीस-एक्केचाळीस. अर्धं मिनिट राहिलं आणि शिट्टी वाजली. रविराजचा पाचवा!

"कानिफ, ऊठ!"

"सर, पाय लचकलाय."

"कधी? बसल्या बसल्या?"

कानिफ लंगडत उठला. रविराज दमून त्याच्या खुर्चीत बसला. तिकडे सहादूंचं डोकं फिरलं. पोराची खुर्ची काढून घेतली! ते कुंपण ओलांडून आत घुसले आणि रविराजचा दंड धरून त्याला उठवायला लागले.

"काका, बाहेर व्हा!" पंच धावत आले.

"आदी माझ्या पोराची खुर्ची द्या!"

पंचांनी टेक्निकल फाउल दिला. समोरच्या टीमला एक फ्री थ्रो मिळाला आणि तो गेलाही आत. बेचाळीस!

शेवटचे तीन सेकंद उरले असताना बॉल कानिफकडे आला. या वेळी निसटला नाही. त्यानं तो पोटाशी असा काही आवळला, की वेळ संपली तरी सोडेना!

एका पॉइंटनं मॅच गेली. बॉलची पिशवी सरांनी स्वतःच उचलली. कानिफ टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला.

"दादा, खुर्चीवर बसतो त्यो मुकादम नसतो. ज्याला खेळता येत न्हाई, त्याला बसवत्यात. त्ये बावीस पॉइंट... सगळं खोटं."

सहादूंनी टेम्पोच्या दारावरचा हात काढला. "मंजी टीम माझ्यामुळं हरली?"

"थोडी तुमच्यामुळं. थोडी माझ्यामुळं."

तेवढ्यात सहादूंचा मोबाईल वाजला. घरून कानिफची आई, बनुबाई! सहादूंनी पोराकडे पाठ केली, घसा खाकरला.

"अगं, लई भारी झाली मॅच! कानिफा खेळला की! मला सुदीक आत जावं लागलं शेवटाला... व्हय, व्हय! येक पॉइंट तर निस्ता माझ्यामुळं झाला!"