दुसरा पेनड्राइव्ह

वेणूबाईंनी उभ्या आयुष्यात कार्बन लावल्याशिवाय एकही कागद टाइपरायटरला चढवला नव्हता. त्यामुळे भाच्याने, म्हणजे अभिनवने, फोनवर "मावशी, लॅपटॉपवर लिनक्स टाकणं झेपेल ना तुला?" असं विचारलं, तेव्हा त्यांना ते चांगलंच झोंबलं.

"अडीच हजार पोरं टायपिंग पास करून काढलीत मी! त्यातली निम्मी तुझ्या हिंजवडीत साहेब होऊन बसलीत. मला एक लॅपटॉप जड आहे होय?"

लॅपटॉप अभिनवनेच टाकून दिलेला. बटण दाबून वेणूबाई कुकर लावायच्या आणि तिसऱ्या शिट्टीला परत येऊन बसायच्या, तरी पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत असायचं! २०१४ साल. त्यातल्या जुन्या विंडोजला आता कुणी वाली उरला नव्हता. आणि वेणूबाईंना तर घाई होती.

घाई अख्तरबानूंसाठी. कसब्यातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये या दोघी तेवीस वर्षं शेजारी शेजारी बसल्या. वेणूबाईंकडे मराठी, अख्तरबानूंकडे इंग्रजी. मग कॉम्प्युटरची लाट आली, पोरं तिकडे पळाली आणि नव्याण्णव साली दोघींनी मिळून शटर ओढलं. वेणूबाई वारज्याला राहायला गेल्या, अख्तरबानू कसब्यातच राहिल्या. आता त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हे वाढत जाणार. नात अलफिया पुढच्या महिन्यात लग्न होऊन मस्कतला निघालेली. "माझं डोकं रिकामं व्हायच्या आत लिहून घे, वेणू. तिच्याबरोबर पाठवायचंय," असं म्हणून त्यांनी आठ महिने आपलं सगळं आयुष्य सांगितलं आणि वेणूबाईंनी ते लॅपटॉपवर उतरवलं. एकशे बेचाळीस पानं! शेवटची थोडीच राहिली होती.

तर, जुनं विंडोज पुसून त्याजागी लिनक्स. अभिनव ऑफिसातून फोनवर, वेणूबाई जेवणाच्या टेबलाशी.

"मावशी, आधी बॅकअप हं."

"मला सांगतोस? सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय. उघडूनही पाहिलं."

"ग्रेट! आता पेनड्राइव्ह लाव. त्यावर लिनक्स चढवायचं आणि मग त्यावरून लॅपटॉपवर."

"लावलेलाच आहे."

होताच! घरात पेनड्राइव्ह एकच होता. एवढा मोठा आठ जीबीचा, त्यात एवढीशी फाइल. एका कपाटात दोन साड्या मावत असताना दुसरं कपाट आणायचं कशाला?

पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. इंग्रजी त्यांना उत्तम कळायचं, दुर्दैवाने ती अडचण नव्हती.

"अरे, हा म्हणतोय पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. चालेल का?"

"विचारणारच तो. बॅकअप आहे ना तुझ्याकडे?"

"आहे ना!"

"मग हो म्हण."

वेणूबाई हो म्हणाल्या. पुढे लॅपटॉपनेही तेच विचारलं. एव्हाना सवय झाली होती. अभिनवला न विचारताच हो म्हणून टाकलं!

पाऊण तासात लॅपटॉप लग्नातल्या करवलीसारखा नटून बसला. बटण दाबलं की हजर! वेणूबाईंची छाती फुगली.

"झालं रे! आता तुझ्या साहेबांना काही अडलं तर पाठव माझ्याकडे."

"भारी, मावशी! आता फाइल परत घे पेनड्राइव्हमधून."

वेणूबाईंनी पेनड्राइव्ह उघडला. खालून वर पाहिला, वरून खाली पाहिला.

"अभिनव, यात कुणा परक्याचंच सामान आहे रे. आपली फाइल दिसत नाही."

"तो नाही गं, दुसरा पेनड्राइव्ह."

"दुसरा कुठला?"

फोनवर त्याच्या ऑफिसात कुणीतरी कॉफीच्या मशीनला थपडा मारत होतं तेवढं ऐकू आलं.

"मावशी... आता कशालाही हात लावू नकोस."

"लावायला राहिलंय काय!"

कसब्यात मकसूदचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचाच विद्यार्थी. दोन दिवस खपून त्याने एक फाइल जिवंत काढली: सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला झाकण नसल्याबद्दलचा अर्ज! झाकण बसूनही जमाना झाला होता.

"बाई," मकसूद हळूच म्हणाला, "आम्हाला तर तुम्ही दोन-दोन कार्बन लावायला लावायचात."

दुकानापासून अख्तरबानूंचं घर चार मिनिटांवर. ती चार मिनिटं चालायला त्यांना तीन दिवस लागले.

"गेलं? सगळं?" अख्तरबानूंनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं. तुझ्याबद्दल उगाच फार चांगलं सांगितलं होतं मी."

वेणूबाईंना हसू आलं नाही.

"रडतेस काय? मी आहे ना अजून. लिही परत."

अख्तरबानू पुन्हा सांगायला बसल्या. बालपण दीड पानात संपलं. मग त्यांच्या अम्मीचं मेंदी लावतानाचं गाणं आलं. दोन कडवी झाली आणि त्या थांबल्या.

"तिसरं काय गं? तुला सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं. वेणूबाईंच्या बोटांनी ते टाइपही केलं होतं. पण टायपिस्टने मजकुरात लक्ष घालायचं नसतं, चुका होतात. अडीच हजार पोरांना हे त्यांनीच बजावलं होतं.

"आठवत नाही, अख्तर. मी ऐकलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी वेणूबाई रिक्षातून आपला जुना टाइपरायटर घेऊन आल्या. आता लॅपटॉप नको, पेनड्राइव्ह तर नकोच! कार्बन बाजारात मिळाला. रिबन कुठेच मिळाली नाही, म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचीच ठेवली. खाली दोन कार्बन लावून त्यांनी खडाखडा पान संपवलं, कागद ओढला, आणि पाहतात तर काय, वरचा कागद कोरा! रिबन कधीच वाळून गेली होती. खालच्या दोन्ही नकला मात्र स्वच्छ उठल्या होत्या.

अख्तरबानूंनी कोरा कागद हातात घेऊन उलटसुलट केला.

"असल कुठाय, वेणू?"

"असल गेलं. नकला आहेत."

"चालतील. अलफियाला कुठं कळणार आहे?" त्यांनी कोरा कागद तळव्याने सपाट केला. "हा फेकू नकोस हं. तिसरं कडवं आठवलं तर यावर घेऊ."

वेणूबाईंनी तो कोरा कागद पुन्हा मशीनला चढवून ठेवला. खाली कार्बन लावून.