नळीआजोबांचे तीन घाव

सकाळी आठ वाजता नळीआजोबा स्वयंपाकघरात एका अख्ख्या पावाचं पोट सुरीनं कोरत बसले होते आणि आजी खाली ताटली धरून चुरा झेलत होत्या.

“अहो, पुरे. घड्याळ ठेवायचंय त्यात, चप्पल नाही.”

“बोटं थरथरतात गं हल्ली.”

“म्हणून तर म्हणते, यंदाचा खेळ शेवटचा.”

“शेवटचाच,” आजोबा म्हणाले. “पण एकदा तो ‘आ’ ऐकू दे. मग पेटी माळ्यावर.”

नळीआजोबा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी शाळेच्या शेवटच्या दिवशी पहिलीच्या मुलांसाठी जादूचे प्रयोग करायचे ते त्यांनीच. छोटे तीन-चार आणि शेवटी मोठा एक. मोठ्या बाईंचं घड्याळ मागून घ्यायचं, लाल रुमालात गुंडाळायचं, पहिलीतल्याच एका मुलाच्या हातात हातोडी द्यायची आणि त्याच्याकडून तीन घाव घालून घ्यायचे. रुमाल उलगडला की आत नुसते तुकडे! मुलं घाबरून एकमेकांना बिलगत. मग आजी पाव आणत, आजोबा तो कापत आणि आतून टिकटिकतं घड्याळ निघे. त्या क्षणी साठ लहान तोंडांतून एकदम जो ‘आ’ निघे, त्यावर आजोबा पुढचं वर्षभर खूश असत.

जादूचं गुपित सांगू नये. पण हे गुपित गेल्या वर्षीच फुटलं आहे, तेव्हा आता सांगायला हरकत नाही. टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारं कापड असतं आणि आत एक फळी. फळीवर दुसऱ्या लाल रुमालात एक मोडकं घड्याळ आधीच बांधून ठेवलेलं असतं. आजोबा बोलता बोलता खरं गाठोडं फळीवर सोडतात आणि खोटं वर घेतात. आजी हातोडी आणायच्या निमित्तानं वाकतात, खरं घड्याळ उचलतात आणि पडद्यामागे जाऊन पावात बसवतात.

गेल्या वर्षी चाळीस पालकांनी चाळीस फोन उभे केले. एका बाबांनी खेळ चालू असतानाच व्हिडिओ मागे नेला, हळू केला आणि आपल्या मुलाला दाखवला. शेजारच्या मुलांनी त्यात डोकी घातली, मग मागच्यांनी. इकडे आजोबांनी पाव कापला, घड्याळ उंच धरलं आणि पाहतात तर समोर साठ डोक्यांचे मागचे भाग! सगळी मुलं फोनमध्ये आजोबांचा हात कुठं जातो ते बघत होती. ‘आ’ म्हणणाऱ्या एकट्या आजी. आणि त्यांना तर माहीतच होतं.

म्हणून या वर्षी मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, “हातात फोन दिसला की खेळ बंद.”

हे फर्मान सगळ्यांत लक्षपूर्वक कुणी वाचलं असेल, तर ते स्टँडवाल्या बाबांनी. हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. त्यांची मुलगी पिटू पहिलीत होती. ती पोहायला शिकली तेव्हा, सायकलवरून पडली तेव्हा, तिचा पहिला दात हलला तेव्हा, प्रत्येक वेळी तिच्यासमोर तीन पायांचा स्टँड उभा होता आणि स्टँडमागे बाबा एक डोळा मिटून. शाळेत त्यांना दुसरं नावच उरलं नव्हतं. त्यातून यंदा हातोडी मारायची चिठ्ठी पिटूच्या नावाची निघाली होती आणि पिटूची आई दातांच्या दवाखान्यात कामाला, तिला रजा नव्हती.

“हातात दिसला तर बंद,” स्टँडवाले बाबा स्वतःशी म्हणाले. “हातात नसला तर?”

खुर्च्या मांडायला मदत करतो म्हणून ते तासभर आधी सभागृहात आले. टेबलाचं कापड उचलून त्यांनी आत डोकं घातलं. फळी दिसली, कापडाची एक फट दिसली. फटीतून बरोबर हातोडी मारणाऱ्या मुलीचा चेहरा येणार! त्यांनी कॅमेरा चालू करून फोन फळीवर उभा केला, तर तो घसरला. टेकू द्यायला काहीतरी हवं होतं. तिथं लाल रुमालाचं एक गाठोडं होतं. सोडून पाहिलं, तर आत मोडकं घड्याळ.

“काय काय ठेवतात लोक!” असं म्हणत त्यांनी ते घड्याळ खिडकीतल्या कुंडीत टाकलं आणि रुमाल फोनभोवती छान घट्ट गुंडाळला. फक्त कॅमेऱ्याचा डोळा बाहेर ठेवला. लिफ्टची तार बांधणाऱ्या माणसानं बांधलेलं गाठोडं ते. आता हलायची बिशाद नव्हती.

खेळ सुरू झाला. फोन नसल्यामुळे पालकांच्या हातांना काय करावं ते कळेना. कुणी घडी घातली, कुणी मांडीवर ठेवले, एक काका तर दोन्ही हात जोडूनच बसले. आजोबांनी पाणी रंगवलं, दोरी कापून जोडली. मुलं पुढं सरकत सरकत पार टेबलापाशी आली. आजोबांचे हात थरथरायचे थांबले.

मोठ्या बाईंनी घड्याळ काढून दिलं. “जपून हं. वडिलांचं आहे.”

“काळजी नको, बाई. पार चुरा करतो,” आजोबा म्हणाले, तशी मुलं खिदळली.

रुमाल गुंडाळला, बोलता बोलता गाठोडं खाली गेलं, दुसरं वर आलं. जरा जड लागलं. जरा चपटंही. पण इतकी मुलं डोळे फाडून बघत असताना कुणी थांबतं का? आजी वाकल्या, हातोडी काढून दिली आणि पडद्यामागे गेल्या.

“ये बाळ. घाबरू नकोस. एक, दोन आणि तीन!”

पिटू बाबांचीच मुलगी. काम घेतलं की मन लावून करायची. तिनं दोन्ही हातांनी हातोडी उचलली.

ठाण्!

घड्याळ असं वाजत नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवानं आजोबांना पहिल्याच घावाला कळलं. पण तोवर दुसरा घाव अर्ध्या वाटेत होता. चर्रर्र! आजोबा “थांब, थांब” म्हणेपर्यंत तिसराही बसला.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत काचेचा चुरा, वाकलेली पट्टी आणि मधोमध एक फुगत चाललेली बॅटरी.

“फोन!” पहिल्या रांगेतलं कुणीतरी किंचाळलं.

“आऽऽऽ!”

असा ‘आ’ आजोबांनी जन्मात ऐकला नव्हता. साठ मुलांचा आणि चाळीस पालकांचा मिळून. छपरावरची कबुतरं उडाली. आजोबांनाही तो ऐकू आला, पण आनंद कसला! तरी प्रयोगशाळेतली सवय हाताला होती. ठेचलेली बॅटरी पेट घेते हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी रुमालासकट सगळं उचललं आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीत पुरून टाकलं.

सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला.

“टाळ्या काय वाजवता?” आजोबा घाबरून म्हणाले. “अहो, कुणाचा आहे हा फोन?”

स्टँडवाले बाबा उभे राहिले. चेहरा पांढराफटक. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

“वा, आजोबा, वा! म्हणजे मी लपवलेला फोन तुम्ही आधीच पाहिला होता! आणि मला अशी अद्दल घडवताय! मानलं बुवा!”

“अहो, मी काहीही पाहिलं नव्हतं. हा खरंच फुटला.”

“खरंच फुटला म्हणे!” बाबा मागे वळून सगळ्यांना म्हणाले आणि सभागृह हसून लोटपोट झालं. नाही म्हणायला, प्रत्येक पालकाचा हात हळूच खिशाकडे गेला आणि आपापला फोन चाचपून आला.

आजी पाव घेऊन आल्या. कापला. घड्याळ निघालं. मुलांनी पुन्हा ‘आ’ केला, मोठ्या बाईंनी घड्याळ कानाला लावून निःश्वास टाकला.

“आणि आमच्या बाबांचा फोन?” पिटूनं विचारलं.

आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजींनी पावाकडे पाहिलं. पावात आता नुसतं भोक होतं.

“काय झालं हो?” आजी ओठ न हलवता पुटपुटल्या.

“एका माणसाचा फोन फोडला.”

“अगं बाई! कुणी?”

“मी. म्हणजे तिनं. म्हणजे आपण.”

पुढचा अर्धा तास आजोबा काहीबाही करत राहिले. पत्ते हातातून सांडले, टोपीतून काढायचे मोजे टोपीतच अडकले. पण स्टँडवाले बाबा मात्र कधी नव्हे इतके रंगले होते. फोन कुठूनही निघेल म्हणून ते डोळ्यांची पापणी लववत नव्हते. पत्ते सांडले की बाबा पुढं वाकत. मोजे अडकले की टाळ्या वाजवत. शेजारच्या काकांच्या कॉलरमध्येही त्यांनी एकदा डोकावून पाहिलं. मध्येच त्यांचं लक्ष पिटूकडे गेलं आणि आपल्या मुलीला हसताना गालावर खळी पडते, ती फक्त एकाच बाजूला, हे पाहून ते चकितच झाले.

खेळ संपल्यावर आजोबा हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले. “मुलांसमोर जादू केली, पण खोटं कधी बोललो नाही. तुमचा फोन फुटला आहे. चला, वाळूत तुकडे दाखवतो.”

“ते नकली तुकडे होय? राहू द्या!” बाबांनी डोळा मिचकावला. “कळलं मला. घरी गेल्यावर सापडणार. हो ना?”

“नाही हो!”

“असंच म्हणणार तुम्ही. जादूगार आहात!” असं म्हणून पिटूचं बोट धरून ते शीळ घालत निघून गेले.

संध्याकाळी पाच वाजता नळीआजोबा आणि आजी स्टँडवाल्यांच्या दारात उभे होते. आजोबांच्या काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात वाळू, वाळूत तुकडे.

“बेल वाजवा की,” आजी म्हणाल्या.

“वाजवतो. शब्द जुळवतोय.”

“काय जुळवायचंय? ‘आमच्याकडून फुटला, माफ करा.’ चार शब्द. त्यासाठी वीस मिनिटं उन्हात उभी आहे मी.”

आजोबांनी बेल वाजवली. दार उघडलं ते स्टँडवाल्या बाबांनीच. त्यांनी आजोबांना बघितलं आणि सरळ मिठीच मारली.

“सापडला, आजोबा! पांघरुणाखाली सापडला!”

त्यांच्या हातात फोन होता. अख्खा, चकचकीत, साधा ओरखडासुद्धा नाही.

आजोबांनी फोन घेतला, उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला. मग ते दारातल्या चपलांच्या कपाटावरच बसले. तीस वर्षं जादू केली, पण आपली एखादी जादू खरीच होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“तुम्ही केलंत?” आजींनी हळूच विचारलं.

“मी कशाला करू? मला कुठं येतं!”

आतून हसण्याचा आवाज आला. पिटूची आई नुकतीच कामावरून आली होती आणि डोळे पुसत होती. “या ना, आजोबा! अहो, काय जादू केलीत तुम्ही यांच्यावर! एरवी कुठं गेले की व्हिडिओ पाठवतात आणि वर ‘बघ’ म्हणतात. आज मी घरी आल्यापासून आमटीचा डाव हातोडीसारखा हातात घेऊन सगळा खेळ करून दाखवतायत. मोठ्या बाई कशा दचकल्या, तुमचे मोजे कसे अडकले, सगळं! हसून हसून पोट दुखलं माझं. अहो, ते काकांच्या कॉलरचं परत करून दाखवा ना यांना.”

स्टँडवाले बाबा खुलले. त्यांनी डाव उचलला, एक पाय पुढे टाकला आणि कॉलरमध्ये डोकावणारा तो चेहरा केला. आजींनाही हसू आवरेना. आजोबा तेवढे डबा पोटाशी धरून, त्यात मग कुणाचा फोन आहे, या विचारात घामाघूम होत बसले होते.

“थांबा, थांबा!” पिटूची आई उठली. “परत करा हे. व्हिडिओ काढून ताईला पाठवते.” ती भिंतीकडे गेली. “अय्या, माझा फोन कुठं गेला? सकाळी घाईत इथं चार्जिंगलाच विसरले होते. तुमच्या फोनसारखाच म्हणून चुकून कुठं उचलून नाही ना ठेवलात?”

बाबांचा डाव हवेतच थांबला. त्यांनी भिंतीवरच्या लोंबत्या वायरकडे पाहिलं. हातातल्या फोनकडे पाहिलं. मग आजोबांच्या पोटाशी धरलेल्या डब्याकडे पाहिलं. सभागृहातसुद्धा ते इतके पांढरे पडले नव्हते.

आजोबा उठले. त्यांनी घसा खाकरला, जुळवलेले चार शब्द आठवायला सुरुवात केली. पण पिटूचा हिशोब मोठ्यांच्या आधी लागला. ती टुणकन सोफ्यावरून उतरली आणि छाती पुढे काढून म्हणाली,

“आई, म्हणजे तो तुझा होता! मी फोडला! तीनच घावांत! सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या!”