एका घागरीची भाकर

शुभांगीने ठरवलं म्हणजे ठरवलं! धाकट्या बहिणीच्या, नीलिमाच्या साखरपुड्याला पाहुण्यांना नुसतं जेवू घालायचं नाही, शहाणंही करून सोडायचं. आदिलाबादच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई ती; तिला माणसं दिसली की वर्गच भरल्यासारखा वाटायचा.

"बाबा, कोणतं पीक किती पाणी पेते, हे लोकायले ताटापाशीच समजलं पायजे!"

"समजव माय," माणिकराव म्हणाले, "पण सोयरीक मोडू देऊ नको. नीलिमानं पयल्यांदाच कोण्या पोराले हो म्हटलं हाय!"

बेला गावातल्या घरापुढच्या मांडवात प्रत्येक भांड्यापुढे चित्राची पाटी लागली. पिकाला जेवढं पाणी जास्त, तेवढ्या घागरी जास्त. ज्वारीच्या भाकरीपुढे एकच घागर, भातापुढे घागरींची रांग, आणि उसाच्या साखरेत बुडालेल्या जिलबीच्या पाटीवर तर बोट ठेवायला जागा नव्हती! अर्थ ती जेवणाआधी भाषणात सांगणार होती. पण नार्नूरहून आलेले पाहुणे भुकेले होते. ते भाषणाला कशाला थांबतात!

शुभांगीने मुलाच्या वडिलांना, भगवंतरावांना, स्वतःच्या हाताने भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. तिच्या मते हाच सगळ्यात मोठा मान.

तेवढ्यात त्यांची बहीण जयवंताबाई ओरडली, "दादा! जिलबीच्या घागरी पाय, अन् तुले एका घागरीची भाकर? मान पाहून वाढून राह्यले काय हे?"

झालं! सगळं वऱ्हाड जिलबीवर तुटून पडलं. भगवंतरावांनी ताट खाली ठेवलं. व्याह्याने ताट खाली ठेवलं म्हणजे काय, हे बेल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

शुभांगी धावली. "मामा, घागर म्हणजे मान नाई! भाकरीले पाणी कमी लागते, म्हणून तुमाले भाकर!"

"म्हणजे आमाले कमीतच उरकवलं!"

माणिकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. नीलिमाचे डोळे भरले. ज्या धरणीला वाचवायला आपण निघालो, तीच आता दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं शुभांगीला झालं.

भगवंतरावांची बायको मथुराबाई मात्र मघापासून पाट्यांपुढेच उभी होती.

"हे चित्रं कोनं काढले?"

"मी," शुभांगी कशीबशी म्हणाली.

"जनम गेला माया डोक्यावर घागरी वाहून. कोनं मोजल्या नाई बाई. तू तं चित्रं काढले!" मथुराबाईंनी नवऱ्याच्या ताटातली भाकर मोडली, घास तोंडात घातला आणि डोळे पुसले. "ज्या घरात घागरी मोजतेत, त्या घरची पोरगी मले पायजेच! अन् तुमी हो, जिलबी पायजे असन तं घागरी तुमी वाहा!"

नीलिमाच्या कपाळाला कुंकू लागलं. शुभांगीने मथुराबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. सगळं भाषण ती विसरली आणि तिला नुसतं रडू येत राहिलं. या माउलीचे उपकार कुठे फेडायचे?

भगवंतरावांनी ताट उचललं, निमूट भाकर संपवली आणि वर आणखी एक मागून घेतली. निघताना बायको लांब आहे असं पाहून ते शुभांगीजवळ आले.

"पोरी, सोयरीक जमली, तुये बी उपकार हायेत. पण एक आयक. चहाले किती घागरी लागतेत, हे हिले कधी सांगू नको!"