न उचललेलं ऊन

देवसडे तालुक्यात संध्याकाळचं सोनेरी ऊन अर्ज केल्याशिवाय कुणाच्या अंगावर पडत नाही. दुपारचं ऊन सगळ्यांना फुकट आहे आणि ते तसंच दिसतं. पण सूर्य मावळण्याआधीची अडतीस मिनिटं आणि अंधाऱ्या पंधरवड्यातली आकाशगंगा, या दोन गोष्टी जुन्या कचेरीतल्या उजेड वाटप कार्यालयातून मिळतात. माणशी आयुष्यात एकदा. ज्यांचा नंबर लागलेला नाही त्यांच्या अंगावर त्या वेळी रेशनच्या तांदळासारखं पांढुरकं ऊन पडतं, आणि रात्री त्यांना दोनशे तारे दिसतात. दोनशे तारे सार्वजनिक आहेत. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

सुमेधाने अर्ज केला तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं आडनाव बिवलकर होतं. दिवस तिने फार विचार करून निवडला होता. वसुबारस. पाऊस संपलेला, गावावरच्या कातळी सड्यावरचं गवत पिवळं झालेलं, आणि चंद्र पहाटेशिवाय उगवणार नाही. वहीत तिने नकाशा काढला होता. सड्यावर एकटं जांभळाचं झाड, त्याच्या उजवीकडे दोन वितींवर सूर्य बुडणार, आणि सव्वासातनंतर त्याच झाडाच्या मागून आकाशगंगा उभी राहणार. ट्रायपॉड जागचा हलवायचा नाही. एकाच जागेवरून दोन फोटो, दोन्हींत ती स्वतः. एरवी ती दुसऱ्यांचे फोटो काढायची, त्यामुळे तिचे स्वतःचे फारसे नव्हते.

नंबर लागायला तीन वर्षं गेली. मधल्या काळात, म्हणजे याच मे महिन्यात, तिचं लग्न झालं. चांदीच्या ताटात तांदूळ पसरले गेले, पुष्कर लोवलेकरने अंगठीने त्यात ‘पल्लवी’ असं लिहिलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव सासूबाईंनी काढलं होतं. सुमेधा हसली. फोटोत ती हसताना दिसते. तो फोटो दुपारचा आहे.

वसुबारसेला नऊ दिवस असताना माहेरच्या पत्त्यावर पत्र आलं. ते घेऊन ती पुष्करबरोबर कार्यालयात गेली. पुष्कर वीज मंडळात होता, म्हणजे उजेडाच्याच दुसऱ्या खात्यात, म्हणून त्याने अर्धी रजा टाकली होती.

टेबलामागे खेडेकर भाऊसाहेब होते. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं.

“कुमारी सुमेधा मोरेश्वर बिवलकर कोण?”

“मी.”

“घरी काय म्हणतात?”

“पल्लवी.”

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “लग्न कधी झालं?”

“मे महिन्यात.”

“मग अडचण आहे.”

“आधारवर अजून सुमेधाच आहे,” ती म्हणाली.

“आधार आम्ही बघतो हो. ऊन नाही बघत. त्याला कुठे वाचता येतंय? ते हाकेवर येतं. राहत्या घरातल्या माणसानं या नावानं हाक मारली, की त्या अंगावर पडतं. आणि हाक सवयीची लागते. मुद्दाम मारलेली त्याला कळते.”

“मी मारतो की,” पुष्कर म्हणाला.

“तुम्ही काय म्हणता यांना?”

पुष्करने आठवून पाहिलं. “अगं.”

“‘अगं’ नावाच्या या तालुक्यात सात हजार बायका आहेत,” भाऊसाहेब म्हणाले. “मागे एकाने सड्यावर तशी हाक मारली. पडायचं कुणावर ते उन्हाला अर्धा तास ठरवता आलं नाही. चौकशी लागली होती. नाही, नवऱ्यांना नाही जमत ते. घरात आणखी कोण?”

“आई आहेत.”

“मग त्यांना सांगा. नऊ दिवस पुष्कळ झाले. मात्र नियम चौदा त्यांच्या कानावर घाला. एकदा ऊन पडलं की नाव कायम. नंतर पल्लवी म्हणायचं म्हटलं तरी तोंडातून निघत नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर सूर्य बुडाला की, सहा आठनंतर, मागच्या खोलीत जमा.”

त्यांनी पेनाने दाखवलं. मागे एक बंद दार होतं आणि त्याच्या खालच्या फटीतून हळदीसारखी पिवळी पट्टी फरशीवर आली होती. दाराशेजारी यादी लावलेली होती, ‘न उचललेला उजेड’. पुष्कर सही करत होता तोवर सुमेधाने यादी वाचून काढली. दोनशे चौदा नावं होती. सगळ्यांच्या आधी ‘कु.’ होतं. एकसष्टावं नाव तिने दोनदा वाचलं. कु. कुंदा गजानन पाध्ये, मार्च १९९०.

“हे न्यायला कुणी येतं का?” तिने विचारलं.

“अजून तरी नाही.”

“आलं तर नवा अर्ज करावा लागेल?”

“कशाला? अर्ज तेव्हाच झालाय. हाक ऐकली की ते आपलं आपण निघतं. आम्ही दाराला कडी लावत नाही.”

घरी परतताना तिच्या डोक्यात एकसष्टावं नाव होतं. ती फार बोलत नसे. लग्न होऊन आलेली मुलगी गप्प असली की तिला वळण आहे असं समजतात, त्यामुळे तिला सगळं नीट बघायला सवड मिळे. पहिल्याच आठवड्यात तिने बघितलं होतं, की मोहरीच्या छोट्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘कु. कुंदा पाध्ये’ असं नाव घातलेलं आहे.

“कुंदा कोण हो, आई?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“होती एक,” सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि त्यांनी फोडणीत हिंग टाकला होता. सासूबाईंना सगळं गाव सुहासिनीवहिनी म्हणत असे.

जेवण झाल्यावर पुष्करने विषय काढला. सासूबाईंनी नियम चौदापर्यंत सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे कायमचं?”

“कायमचं.”

“आणि बारा डबे? दोन पातेली? सगळ्यांवर सौभाग्यवती पल्लवी पुष्कर लोवलेकर घालून आणलंय मी. त्या माणसाकडे उभी राहून अक्षरं गोल काढून घेतली. ती काय खरवडायची आता?”

“अगं आई, डब्यांचं काय...”

“तू गप रे. तुला काय जातंय? तू जन्मलास तेव्हाचा पुष्कर, आजही पुष्कर.”

मग सुमेधा बोलली. “डब्यांवर राहू दे की ते, आई. मोहरीच्या डब्यावरसुद्धा दुसऱ्याच कुणाचं आहे. मोहरी काही बिघडलेली नाही.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे. त्यानंतर त्यांनी ताटं उचलली.

सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरातून आवाज आला. “सु-मे-धा. चहा ठेव.”

शाळेत हजेरी घेतात तशी ती हाक होती. पण सुरुवात झाली. रोज पंचवीस हाका असं सासूबाईंनी ठरवलं. त्या जपमाळ घेऊन बसायच्या आणि हाकेगणिक एक मणी ओढायच्या. सुमेधा, दूध बघ. सुमेधा, पोस्टमन आलाय. सुमेधा, काही नाही, बस तू. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “पाहुणी आलीय वाटतं?”

“हो, आलीय खरी,” सासूबाई म्हणाल्या. “राहणार आहे.”

पुष्करनेही प्रयत्न केला. तो “सु” पर्यंत यायचा आणि मग “अगं” म्हणायचा.

सुमेधाचाही एक अभ्यास चालला होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही. फोडणीच्या वेळी ती मोहरीच्या डब्याकडे वळून अगदी हळू म्हणायची, “कुंदाताई, जरा सरका.” मग झाकण उघडायची. दिवसातून तीनदा, कधी चारदा. सातव्या दिवशी ते तिच्या तोंडून आपोआप निघालं. त्या वेळी भाजीत मोहरी घालायचीही नव्हती.

वसुबारसेला दुपारीच त्यांनी गायवासराची पूजा उरकली आणि साडेचारला तिघं सड्यावर पोचले. सुमेधाने वही उघडली, जांभळापासून तेवीस पावलं मोजली आणि ट्रायपॉडचे पाय कातळातल्या खाचांत बसवले. पुष्करकडे बॅग आणि थर्मास होता. सासूबाई हिरवी नऊवार नेसून आल्या होत्या. फोटोत यायचं नाही हे त्यांना माहीत होतं.

बरोबर साडेपाचला ऊन आलं. ते गवतावर पडलं, जांभळावर पडलं, आणि सुमेधाच्या भोवती हातभर जागा सोडून थांबलं. ती मधे पांढुरकी उभी होती.

“मार आता हाक,” पुष्कर म्हणाला.

सासूबाईंनी पदर सावरला, घसा साफ केला. “सु-मे-धा!”

ऊन थोडं पुढे आलं. मग मागे झालं.

“सुमेधा मोरेश्वर...”

“पूर्ण नाव नको, आई. घरी मारता तशी मारा.”

“घरी इतकं मोठं आभाळ नसतं गो डोक्यावर! सुमेधा! सुमेधा, दूध बघ!”

उन्हाने दूध शोधलं असावं. ते क्षणभर थर्मासवर जाऊन आलं. पावणेसहा झाले. सासूबाईंना घाम फुटला, आणि घाबरल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. “जमत नाही गो मला, पल्लवी!”

ऊन दहा पावलं मागे सरकलं.

सुमेधाने घड्याळ पाहिलं, मग झाड, मग सूर्य. तो तिने काढलेल्या जागीच उतरत होता, उजवीकडे दोन विती. तीन वर्षांपूर्वीचं तिचं गणित एका बोटानेही चुकलं नव्हतं. या विचाराने तिला बरं वाटलं, आणि ती झाडाशी ठरलेल्या जागी जाऊन ताठ उभी राहिली. जणू काही ऊन पडलेलंच होतं.

पाच बावन्नला समुद्राकडून वारा सुटला. ट्रायपॉडचा एक पाय खाचेतून उचलला गेला आणि कॅमेरा कलला. पुष्कर थर्मासचं झाकण शोधत होता.

“सुमेधे! कॅमेरा पडतोय तुझा, सुमेधे!” सासूबाई ओरडल्या, आणि नऊवारीत धावल्या, आणि त्यांनी ट्रायपॉड कवेत घेतला.

मग त्यांनी मान वर केली. झाडाशी त्यांची सून उभी होती आणि तिच्या केसांपासून पायांतल्या जोडव्यांपर्यंत सगळं सोन्याचं झालं होतं.

“पाय त्याच खाचेत ठेवा, आई,” ती म्हणाली. “आणि बटण दाबा. वरचं.”

सासूबाईंनी दाबलं. नंतर सोळा मिनिटं त्या दाबत राहिल्या. मधे एकदा “मान जरा वर, सुमेधा,” म्हणाल्या, आणि पुढे ते नाव घ्यायला त्यांना विचार करावा लागला नाही.

सहा आठला सूर्य बुडाला, ऊन संपलं. सासूबाई कातळावर बसल्या. पुष्करने त्यांना चहा दिला.

“आता पल्लवी म्हणून बघ,” तो म्हणाला.

त्यांनी तोंड उघडलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. “नाही निघत,” त्या म्हणाल्या. “डबे राहिले बिचारे.” मग चहाकडे बघत म्हणाल्या, “छान दिसत होतीस हो. माझाही नंबर लागला होता एकदा. बंदरावर उभं राहायचं ठरवलं होतं मी. चैत्रात लग्न लागलं, पत्र आलं दोन महिने आधी. वडील म्हणाले, ऊन पडलं तर नाव कायम होऊन बसेल, आता तिकडे गेल्यावर बघतील ते.”

“मग?”

“मग काय. तिकडे कोण हाक मारणार?”

सुमेधा वही बॅगेत ठेवायला वाकली होती. वहीचा बंद सासूबाईंच्या नऊवारीखाली अडकला होता, त्या त्यावरच बसल्या होत्या. ती म्हणाली, “कुंदाताई, जरा सरका.”

सासूबाई सरकल्या. सरकल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

खाली गावात, जुन्या कचेरीच्या बाजूला, एक दार उघडल्याचा आवाज झाला. सूर्य जाऊन वीस मिनिटं झाली होती. पिवळ्या उन्हाचा एक तुकडा पाखाडीच्या पायऱ्या चढून वर आला. सावकाश आला, कारण तो छत्तीस वर्षं बसून होता. रंगही थोडा जुन्या फोटोसारखा झाला होता. सड्यावर येऊन तो थबकला, आणि मग कुणालाही न विचारता सासूबाईंच्या अंगावर चढला. हिरवी नऊवार उजळली. त्यांनी आधी हात पुढे करून बघितला, उलटा, सुलटा, मग पटकन नथ सरळ केली.

“कशी उभी राहू?” त्यांनी विचारलं.

“बंदरावर राहणार होतात तशा.”

सासूबाई उठल्या. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्याने डोळ्यांवर आडोसा धरला, समुद्राकडून कुणी येणार असल्यासारखा. पुष्करने त्यांना असं कधी बघितलेलं नव्हतं. तो थर्मास धरून उभा राहिला.

ते ऊन पूर्ण अडतीस मिनिटं टिकलं. त्यानंतर अंधार झाला, आणि सात वीसला जांभळाच्या मागे आकाशगंगा दिसू लागली. ट्रायपॉड हललेला नव्हता. सुमेधाने दहा सेकंदांचा टायमर लावला आणि झाडाशी जाऊन उभी राहिली. दोघी उभ्या राहिल्या.

“हलायचं नाही हां. तीस सेकंद.”

“श्वास घेऊ ना?”

“हळू.”

आठ वाजता तिने टॉर्चच्या उजेडात कार्यालयाचा फॉर्म भरला. उजेड मिळाला का? मिळाला. काही तक्रार? नाही. हजर व्यक्तींची नावं. तिने लिहिलं: सुमेधा, कुंदा.

“आणि मी?” पुष्करने विचारलं.

“तुझा अर्ज कुठाय?” सासूबाई म्हणाल्या. “कर सावकाश. तुझं नाव कुठे जातंय?”

मग त्यांनी बॅगेचा एक बंद धरला, सुमेधाने दुसरा, आणि सगळे खाली उतरायला लागले. पुष्करच्या डोक्यावर दोनशे तारे होते.