हिलरीचं इंजिन

क्लाइव्ह टटलनं हिलरीच्या छोट्या गाडीचं इंजिन काढायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मते तो फक्त जागा बदलत होता. दारातलं इंजिन गॅरेजमध्ये. एवढंच.

गॅरेजमध्ये त्याची किट कार होती. खोक्यांतून सुटे भाग आणून घरीच जोडायची, दोन सीटांची, उघडी गाडी. केटरिंग गावाच्या प्रत्येक गल्लीत अशी एखादी अर्धवट गाडी आणि तिच्याखाली एखादा नवरा असतो. (बायका पाहुण्यांना दोन्ही दाखवत नाहीत.) क्लाइव्हच्या गाडीतलं जुनं इंजिन कधी धड चाललंच नाही. हिलरी म्हणायची, "ही चालेल त्या दिवशी मला समुद्रावर ने. तोवर मी माझी जाते."

गेल्या पानगळीत ती गेली. आता ती बैठकीत, शेकोटीवरच्या फळीवर, राखेच्या हिरव्या बरणीत होती, आणि गुरुवारी तिचा वाढदिवस होता. क्लाइव्हनं किट कारची सरकारी तपासणी मुद्दाम त्याच दिवशी ठेवली होती. तपासणीला जाताना नंबराशिवाय गाडी रस्त्यावर आणता येते, आणि केंद्र समुद्राच्या वाटेवर होतं.

इंजिन उंच निघालं, म्हणून त्यानं बॉनेटला भोक पाडलं. ते चुकीच्या बाजूला पडलं, म्हणून दुसरं पाडलं. स्टार्टर फिरवला. इंजिन पेटलं आणि लगेच विझलं.

शेजारचा डेस्मंड चहाचा मग घेऊन आला आणि त्यानं समजावलं, की जुन्या इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी पुरायची, ह्याला परवानगी लागते. ह्याच्या कॉम्प्युटरला अजून वाटतंय, आपण हिलरीच्याच गाडीत आहोत. तिथली प्रत्येक वायर, मीटर, सीटखालचा सेन्सर, सीटच्या पट्ट्याचं कुलूपसुद्धा जोडलं नाहीस तर तो रुसून बसेल. क्लाइव्हनं सगळं जोडलं. तरी विझलं.

"ही किल्ली कुठली रे?" डेस्मंडनं विचारलं.

"बूट दुरुस्त करतो ना, त्याच्याकडून करून घेतलेली. दार उघडतं हिनं."

"दार उघडेल रे बाबा. हिच्यात चिप नाही, कॉम्प्युटर ओळखायचा नाही हिला. हिलरीची किल्ली आण."

हिलरीची किल्ली तिच्या मोहरीच्या रंगाच्या कोटात होती, आणि कोट क्लाइव्हनं धर्मादाय दुकानात देऊन टाकला होता. देताना खिसे तपासावेत हे कुणालाही सुचलं असतं. त्यालाही सुचलं होतं. पण तिच्या खिशात हात घालायचा म्हणताच तो हात काही पुढे जाईना.

दुकानात कळलं, कोट केव्हाच विकला गेला.

बुधवारी बसच्या थांब्यावर त्याला तो कोट पाठमोरा दिसला. तेच किंचित उचललेले खांदे. त्यानं हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं, आणि मग त्या कोटातून एक परकं, लालसर नाक त्याच्याकडे वळलं.

"माफ करा, बाई. तुमच्या खिशात हात घालू का?"

रांगेतलं कुणी जागचं हललं नाही. फक्त सगळे कान वळले.

"नवरा गेलाय माझा," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण अजून इतकी वेळ आली नाही."

"नाही, म्हणजे कोट माझ्या बायकोचा आहे."

"मग तिला पाठवा. माझ्याकडे पावती आहे."

"तिला नाही येता येणार आता," क्लाइव्ह म्हणाला.

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी खिशाच्या फाटक्या अस्तरात कोपरापर्यंत हात घातला. "कधीपासून चालताना काहीतरी वाजतंय. मला वाटलं माझा गुडघा." किल्ली निघाली, तिला चिकटलेल्या पेपरमिंटच्या गोळीसकट. मग बाई कोटाची बटणं काढू लागल्या.

"राहू द्या," तो म्हणाला. "गारठा आहे."

गुरुवारी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. क्लाइव्हनं बरणी शेजारच्या सीटवर ठेवली, टेकू म्हणून चहाचा थर्मास आणि सँडविचचा डबा लावला. गाडी किंचाळू लागली. पट्टा. त्यानं हिलरीला पट्टा बांधला. किंचाळणं थांबेना. घट्ट केला, सोडला, पुन्हा बांधला, तिला "अगं, आता काय हवंय?" असंही विचारलं. फाटकाशी उभा असलेला डेस्मंड खाली बघत होता.

"क्लाइव्ह," तो अखेर म्हणाला, "ती बसलीये नीट. तुझा पट्टा."

बत्तीस वर्षं ती रोज हेच सांगत आली होती.